आकाशवाणीवरील तात्या माडगूळकर

'बनगरवाडी' आपल्यापैकी पुष्कळजणींनी वाचली असेल. तिचे लेखक कै. व्यंकटेश माडगूळकर, म्हणजे तात्या, पुणे आकाशवाणीच्या ग्रामीण कार्यक्रमांचे काम पाहात, हे मात्र आमच्या नव्या सुनांना ठाऊक नसते.

माणदेशातील माडगुळे येथे १९२७ साली त्यांचा जन्म झाला. घरची गरिबी, त्यातून बेचाळीसची चळवळ. शिक्षण सुटले ते सुटलेच. माझी शाळा सातवीत सुटली, म्हणून हे मला फार जवळचे वाटते. इंग्रजी ते स्वतःच्या हिमतीवर शिकले. १९४९ साली 'माणदेशी माणसं' निघाले. पुढे १९५५ च्या सुमारास ते आकाशवाणीत आले. मॅट्रिकही न झालेल्या माणसाला तेथे मान मिळाला, तो खेड्याची बोली आणि खेड्याचे मन जाणत असल्यामुळे, असे मला वाटते.

१९५६ साली याच पुणे केंद्राने युनेस्कोच्या साह्याने दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे चालवून पाहिली. गावाने नुसते ऐकायचे नाही. बसून चर्चा करायची आणि आपल्या शंका केंद्राला कळवायच्या! रेडिओला उलट विचारता येते, हे खेड्याला तेव्हा कळले.

१९८३ साली अंबाजोगाईच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्याच वर्षी वानरांच्या टोळ्यांवरील 'सत्तांतर'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. २००१ साली ते गेले.

मंडळाच्या कपाटातील 'सत्तांतर' कोणी नेले असेल, तिने कृपया परत आणून ठेवावे.