गवताचा भाव

कुवेतच्या दक्षिणेला वफ्रा आणि उत्तरेला अब्दली या भागांत शेतं आहेत. तिथल्या काकड्या आणि टोमॅटो तुम्ही खाल्ले असतील. ते खुडणाऱ्या माणसाची मजुरी कोण ठरवतं? एकटा मालक? कुवेतच्या 2010 च्या कामगार कायद्यानुसार खासगी क्षेत्रातली किमान मजुरी सरकार ठरवतं. किमान मजुरी म्हणजे त्याहून कमी देता येत नाही अशी मजुरी. भारतात असा कायदा 1948 मध्ये आला. पण त्याच्या तीन वर्षं आधीच ठाणे जिल्ह्यातल्या आदिवासींनी आपल्या कामाचा भाव स्वतः मागितला होता. त्यांच्यासोबत होत्या गोदावरी परुळेकर.

गोदावरीबाईंचा जन्म 1907 मध्ये पुण्यात, गोखल्यांच्या सुखवस्तू घरात झाला. त्या काळी मुली फारशा शिकत नसत, पण त्यांनी कायद्याची पदवी घेतली. स्वातंत्र्याच्या चळवळीत त्या तुरुंगातही गेल्या. वडिलांना ते आवडलं नाही. मग त्या मुंबईला आल्या आणि तिथे घरकाम करणाऱ्यांची संघटना बांधू लागल्या. 1939 मध्ये शामराव परुळेकरांशी त्यांचं लग्न झालं. पुढे दोघंही किसान सभेचं काम करू लागले.

1945 मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. तिथे काही वारली आदिवासी आले होते. त्यांचं जगणं ऐकून गोदावरीबाई डहाणू, तलासरीच्या जंगलात गेल्या. तिथे वेठ चालायची. वेठ म्हणजे जबरदस्तीचं, बिनपैशाचं काम. गरीब वारली लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज घ्यायचा आणि मग नवरा-बायको दोघंही त्याच्याकडे राबत राहायची. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. लग्नासारख्या आनंदाच्या गोष्टीतून गुलामी सुरू व्हायची!

गोदावरीबाई पायी गावोगाव फिरल्या. त्या आदिवासींच्या झोपडीत राहायच्या, ते खातील तेच खायच्या. मे महिन्यात झरी गावी हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही, असं त्यांनी ठरवलं.

मग पावसाळा संपला आणि गवत कापायची वेळ आली. वारल्यांनी 500 पौंड गवत कापायला अडीच रुपये मागितले. 500 पौंड म्हणजे सव्वादोनशे किलोहून जास्त. तेवढं गवत हातात विळा घेऊन कापायचं! जमीनदार नाही म्हणाले, तेव्हा मजुरांनी काम बंद केलं. वेळेवर कापलं नाही तर उभं गवत वाया जातं, हे दोन्ही बाजूंना ठाऊक होतं.

10 ऑक्टोबर 1945 ला, गोदावरीबाई येणार आहेत अशी खोटी बातमी पसरली आणि तलवाडा इथे खूप माणसं जमली. पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण मारले गेले. तरी संप मोडला नाही. शेवटी जमीनदारांना तो भाव द्यावा लागला.

1948 च्या किमान वेतन कायद्यात शेतीचं कामही घेतलं गेलं. पण कागदावरची मजुरी हातात पडेलच असं नसतं, त्यामुळे गोदावरीबाईंचं काम काही संपलं नाही. हे सगळं त्यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिलं. त्याला 1972 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 8 ऑक्टोबर 1996 ला त्या वारल्या. 10 ऑक्टोबरला तलासरी भागात आजही जेठ्या गांगड आणि त्याच्या साथीदारांची आठवण काढतात.