अडलेल्या देशाचा अध्यक्ष

बोटीवर नोकरी करणाऱ्या भाच्याने मागे मला फिलिपीन्सची शंभर पेसोंची एक जुनी नोट आणून दिली. तिच्यावरचे गृहस्थ मॅन्युएल रोहास. 1946 साली अमेरिकेने फिलिपीन्सला स्वातंत्र्य दिले, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष. त्यांच्याविषयी वाचताना मला माझे वडील आठवत राहिले. 1961 च्या पानशेतच्या पुरात आमचे घर गेले आणि वडिलांनी सावकार म्हणेल त्या अटीवर पैसे उचलले. आई पुढे कितीतरी वर्षे त्यांना त्यावरून बोलत असे.

रोहास यांचा जन्म 1 जानेवारी 1892 चा, कापिझ गावचा. वडील स्पॅनिश शिपायांच्या हातून आधीच मारले गेले होते. मुलगा अमेरिकेच्या अमदानीत वकील झाला आणि 1922 मध्ये कायदेमंडळाचा सभापती. 1942 मध्ये जपान्यांच्या हाती सापडूनही जीव वाचला. पण पुढे जपानने बसवलेल्या सरकारसाठी तांदूळ जमवण्याचे काम पत्करले. युद्ध संपल्यावर जनरल मॅकार्थर यांनी त्यांना निर्दोष ठरवले. त्यांच्या इतर सहकाऱ्यांच्या नशिबी तुरुंग आला! अमेरिकेचे हे उपकार त्यांना जड गेले नसतील, असे मला वाटत नाही.

1945 मध्ये मनिलाची लढाई महिनाभर चालली. सुमारे एक लाख नागरिक मेले, शहर बेचिराख झाले. अमेरिकेने मदत देऊ केली ती 62 कोटी डॉलरची. 40 कोटी लोकांच्या घरादारांसाठी, 12 कोटी सार्वजनिक बांधकामांसाठी आणि 10 कोटींचे उरलेसुरले लष्करी सामान. मात्र त्याच दिवशी, 30 एप्रिल 1946 रोजी, व्यापाराचाही एक कायदा झाला. फिलिपीन्सच्या खाणी, जंगले, जमिनी यांत अमेरिकनांना तिथल्या नागरिकांइतकाच हक्क हवा होता. तसा करार होईपर्यंत 500 डॉलरवरची भरपाई कोणालाही मिळायची नव्हती. म्हणजे आवळा देऊन कोहळा काढणेच!

राज्यघटना मात्र अशा धंद्यांत निदान 60 टक्के वाटा देशी माणसांचा असावा, असे सांगत होती. ती बदलायला तीन चतुर्थांश मते हवीत. निवडणुकीत गैरप्रकार झाल्याचे सांगून तीन सिनेटर आणि कनिष्ठ सभागृहातले काही विरोधक बाहेर ठेवले गेले, तेव्हा कुठे बेरीज जमली. हे मात्र मला क्षम्य वाटत नाही. तिजोरी रिकामी होती हे खरे, पण ज्यांची जमीन जाणार त्यांच्या प्रतिनिधींना दाराबाहेर उभे करणे वेगळे.

सार्वमत होते 11 मार्च 1947 रोजी. आदल्या रात्री मनिलाच्या सभेत एका न्हाव्याने रोहास यांच्यावर हातबॉम्ब फेकला. एका सेनाधिकाऱ्याने तो लाथेने उडवला. रोहास वाचले, श्रोत्यांतला एक जण दगावला. दुसऱ्या दिवशी लोकांनी भरघोस होकार दिला. पडक्या घरात राहणारा माणूस दुसरे काय करणार?

रोहास पुढे फार जगले नाहीत. 15 एप्रिल 1948 रोजी अमेरिकेच्या क्लार्क हवाई तळावर भाषण करून आले आणि त्याच रात्री हृदयविकाराने गेले. वय अवघे 56. अमेरिकनांचा तो हक्क मात्र 1974 पर्यंत चालला.