हंसतमुख पाळक रेव्हरंड सिडनी स्मिथ

विद्यार्थिमित्रहो, धार्मिक मनुष्य म्हटला म्हणजे त्याचा चेहरा गंभीर, बोलणें मोजकें व कपाळावर सदां आंठ्या, असें चित्र पुष्कळांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. देवभक्ति व विनोद यांचें जणूं हाडवैरच आहे, असें कित्येकांस वाटतें. त्याचप्रमाणें खाण्यापिण्याचा विचार करणें हेंही कांहींना धर्माला कमीपणा आणणारें वाटतें. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, हें ज्यांनीं आपल्या आयुष्यानें दाखवून दिलें, अशा एका इंग्रज पाळकांचें चरित्र आज आपणांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे. त्यांचें नांव रेव्हरंड सिडनी स्मिथ. ते थोर होते, पण निर्दोष नव्हते. आणि त्यांच्या एका चुकीचा संबंध आपल्या मराठी भाषेशींच येतो, म्हणून तीही येथें सांगितली पाहिजे.

सिडनी स्मिथ यांचा जन्म इंग्लंडांतील एसेक्स परगण्यांत वुडफर्ड या गांवीं ३ जून १७७१ रोजीं झाला. वडील मोठे चंचल वृत्तीचे होते. घर विकत घ्यावें, त्यांत मनास येईल ती मोडतोड करावी व मग तें विकून दुसरें घ्यावें, हा त्यांचा आयुष्यभर चाललेला उद्योग. आई फ्रान्समधून इंग्लंडांत आश्रयास आलेल्या प्रॉटेस्टंट कुळांतल्या होत्या. आपल्या आनंदी वृत्तीचें मूळ या फ्रेंच रक्तांत आहे, असें स्मिथसाहेब मानीत.

लहानपणीं त्यांस विंचेस्टर येथील प्रसिद्ध शाळेंत ठेवण्यांत आलें. शाळा नांवाजलेली खरी, पण त्या काळीं तेथें मुलांना पोटभर अन्न मिळत नसे व मोठीं मुलें लहानांचा छळ करीत. तेथील उपासमारीची आठवण म्हातारपणींसुद्धां त्यांच्या अंगावर कांटा आणीत असे. इतकें असूनही अभ्यासांत त्यांनीं हार खाल्ली नाहीं. ते व त्यांचे धाकटे बंधु कोर्टनी हे दोघे इतकीं बक्षिसें पटकावीत कीं, या दोघां भावांना स्पर्धेंत बसूं दिल्यास आम्ही बसणार नाहीं, असा अर्ज इतर मुलांनीं हेडमास्तरांकडे केला! पुढें ते ऑक्सफर्ड येथील न्यू कॉलेजांत गेले व तुटपुंज्या वेतनावर, कोणाचें कर्ज न काढतां, त्यांनीं तेथील दिवस काढले.

वकील व्हावें, ही त्यांच्या मनाची खरी ओढ होती. परंतु वडिलांनीं त्या शिक्षणाचा खर्च सोसण्याचें नाकारिलें, आणि मुलगा पाळक झाला. म्हणजे हा मार्ग त्यांनीं आपखुषीनें पत्करलेला नव्हता. पण एकदां पदरीं पडलेलें काम मनोभावें करावयाचें, हा त्यांचा निश्चय शेवटपर्यंत टिकला, आणि येथेंच त्यांच्या मोठेपणाची पहिली खूण दिसते.

इ. स. १७९४ सालीं त्यांची नेमणूक सॅलिसबरीच्या उजाड माळरानावरील नेदरेव्हन या खेड्यांत सहायक पाळक म्हणून झाली. तेथें बोलावयास सोबती नाहीं, वाचावयास पुस्तकें नाहींत, आणि मांसविक्याची गाडी आठवड्यांतून एकदांच येई. त्यामुळें कित्येक दिवस उकडलेले बटाटे हेंच त्यांचें जेवण असे. कुरकुर करीत बसण्यापेक्षां त्यांनीं गांवच्या जमीनदारांच्या मदतीनें गरीब मुलांकरितां रविवारची शाळा सुरू केली. त्यांचें काम पाहून या जमीनदारांनीं आपल्या मुलाचे शिक्षक म्हणून त्यांना १७९८ सालीं एडिंबरो येथें पाठविलें.

एडिंबरो येथें असतांनाच १८०० सालीं त्यांचा विवाह कॅथरिन पायबस या बाईंशीं झाला. लग्नाच्या वेळीं सिडनी यांची सारी दौलत म्हणजे झिजलेले सहा चांदीचे चमचे. ते त्यांनीं मोठ्या थाटानें वधूच्या ओटींत टाकिले व आपलें सर्वस्व तिला अर्पण केल्याचें जाहीर केलें! १८०२ सालीं त्यांनीं जेफ्री, ब्रूम व हॉर्नर या तरुण मित्रांसह 'एडिंबरो रिव्ह्यू' हें त्रैमासिक काढिलें. पुढें लंडनमध्यें रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें त्यांनीं १८०४ ते १८०६ या काळांत नीतिशास्त्रावर दिलेल्या व्याख्यानांना इतकी गर्दी लोटे कीं, बाहेरच्या रस्त्यावर गाड्यांना वाट मिळत नसे. रोमन कॅथलिक लोकांना राजकीय हक्क मिळावेत म्हणून त्यांनीं पीटर प्लिमली या टोपणनांवानें लिहिलेलीं पत्रें १८०७-०८ सालीं घरोघर वाचलीं गेलीं. स्वतः दुसऱ्या पंथाचे असून दुसऱ्यांच्या हक्कांसाठीं त्यांनीं आपली बढती धोक्यांत घातली. हे हक्क १८२९ सालीं मिळाले.

परंतु त्यांची खरी कसोटी यॉर्कशायरमधील फॉस्टन या खेड्यांत लागली. १८०६ सालीं या गांवचें पाळकपद त्यांना मिळालें व पुढें १८०९ सालीं लंडनची झगमगाट सोडून यॉर्कशायरमध्यें राहावयास जावें लागलें. दीडशें वर्षें या गांवीं कोणी पाळक वस्तीस राहिला नव्हता. पाळकाचें घर म्हणजे विटांची फरशी असलेलें एक स्वयंपाकघर व त्यावर एक खोली. येथें लिंबू हवें असेल तर तें बारा मैलांवर, अशी थट्टा ते करीत. तरीही निराश न होतां त्यांनीं स्वतःच घराचा आराखडा केला, बैलजोड्या घेतल्या, त्या बैलांना ओढण्याखेंचण्याच्या अर्थाचीं गमतीचीं नांवें दिलीं, आणि १८१४ सालीं नवें घर उभें केलें. गांवच्या सुतारानें लाकडाच्या फळ्यांतून सारें सामान करून दिलें. नोकर ठेवण्याची ऐपत नव्हती म्हणून एका लहान खेडवळ मुलीच्या हातीं रुमाल देऊन तिला वाढण्याचें काम शिकविलें, आणि ती पुढें उत्तम वाढपी झाली. शेतावरील माणसांना ते दारांत उभे राहून कर्ण्यांतून हुकूम देत. गुरांना अंग घांसण्याकरितां त्यांनीं एक तिरपा वांसा असा बसविला कीं, उंच व ठेंगणें अशा सर्व जनावरांची सोय व्हावी. ज्यास मुक्या प्राण्याच्या पाठीच्या खाजेचीसुद्धां काळजी, तो माणसांस कसा विसरेल?

तरुणपणीं त्यांनीं वैद्यकाचीं व्याख्यानें ऐकिलीं होतीं. त्या ज्ञानाचा उपयोग आतां गरिबांना झाला. ते स्वतः औषधें देत व रोग्यांच्या घरीं जात. आपल्या जमिनीचे लहान लहान तुकडे करून ते त्यांनीं मजुरांना अल्प खंडानें दिले. त्यांत लोक भाजीपाला व बटाटे लावूं लागले. ताज्या भाजीनें मजुराच्या मुलांचीं शरीरें सुधारतात व स्वतःच्या मळ्यांत काम करणाऱ्या बापाचें मनही सुधारतें, हा दुहेरी लाभ. १८१६ सालीं पीक बुडालें. शेतांतला गहूं ओला होऊन त्यास मोड आले. त्या पिठाचा पाव फुगेना. तेव्हां गरिबांच्या घरीं जशा पातळ चपट्या भाकरी, तशाच पाळकांच्याही ताटांत होत्या. दुसऱ्यांना संतोष शिकविणाऱ्यानें स्वतः तें अन्न खाल्लें, म्हणून त्यांच्या उपदेशाला वजन आलें.

आतां त्यांच्या चुकीविषयीं. १८०८ व १८०९ सालीं त्यांनीं आपल्या त्रैमासिकांत हिंदुस्थानांतील मिशनरी लोकांवर कडक टीका केली. १८०६ सालीं वेल्लोर येथें शिपायांचें बंड झालें होतें. धर्मप्रसारानें अशीं बंडें वाढतील, अशी त्यांना भीति वाटे, आणि ती भीति अगदींच निराधार होती असें म्हणतां येणार नाहीं. परंतु त्या भरांत त्यांनीं श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांच्या गरिबीची व धंद्याची टर उडविली. विल्यम कॅरी हे पूर्वी जोडे शिवीत, एवढ्यावरून ते हंशाचा विषय झाले. आणि त्याच वेळीं हे जोडे शिवणारे गृहस्थ काय करीत होते? १८०५ सालीं त्यांनीं मराठी भाषेचें व्याकरण छापून प्रसिद्ध केलें होतें, आणि १८१० सालीं त्यांचा मराठी कोशही बाहेर पडला. ज्या हातांनीं आरी चालविली, त्याच हातांनीं आपल्या भाषेची ही सेवा केली. स्मिथसाहेबांचे थोरले बंधु रॉबर्ट त्या वेळीं कलकत्त्यास मोठ्या सरकारी हुद्द्यावर होते. मनांत आणिलें असतें तर खरी माहिती मिळणें कठीण नव्हतें.

मित्रहो, यावरून विनोदाची मर्यादा ध्यानांत येते. चिमण्या साफ करणाऱ्या लहान मुलांचे हाल, जमीनदारांनीं रानांत लपवून ठेविलेले जीवघेणे सांपळे, स्त्रियांचें अज्ञान यांविरुद्ध जेव्हां स्मिथसाहेबांनीं हंशाचें शस्त्र उपसलें, तेव्हां तें बलवंतांवर चाललें व दुर्बलांचें कल्याण झालें. तेंच शस्त्र जेव्हां एखाद्याच्या गरीब धंद्यावर चाललें, तेव्हां तें चालविणाऱ्यालाच उणेपणा आला. वर्गांत सोबत्याच्या फाटक्या कोटाला हंसणाऱ्यानें ही गोष्ट विसरूं नये.

१८२० सालीं एका ओळखीच्या बाईंचें मन फार उदास झालें होतें. त्यांना स्मिथसाहेबांनीं एक पत्र लिहिलें, तें पुढें फार प्रसिद्ध झालें. त्यांत मोठमोठ्या तत्त्वांऐवजीं अगदीं घरगुती उपाय सांगितले आहेत. किंचित् थंड वाटेल अशा पाण्यानें स्नान करावें, रोज मोकळ्या हवेंत फिरावें, खोली उजेडाची व प्रसन्न ठेवावी, चहाकॉफीचा आपल्यावर काय परिणाम होतो तें पाहावें, हातांत काम असावें, मित्रांपासून दुःख लपवूं नये, फार लांबचा विचार करीत बसूं नये, दुसऱ्याचें भलें करावें, आणि समंजस धर्माचरण न सोडतां चालू ठेवावें. शरीर व आत्मा यांचीं दारें एकमेकांत उघडतात, हें त्यांनीं ओळखिलें होतें. रात्रीं जड पदार्थ खाऊन सकाळीं जग वाईट दिसूं लागलें, तर दोष जगाचा नसून पोटाचा असतो, अशा अर्थाचें ते वारंवार सांगत.

पण हें ज्ञान त्यांना फुकट मिळालें नव्हतें. ते स्वतः मेजवान्यांचे मोठे शोकी होते. १८२८ च्या सुमारास त्यांनीं मद्य सोडलें. झोंप गाढ लागूं लागली, चालण्याची शक्ति वाढली, विचार स्वच्छ झाले. एकच अडचण आली कीं उत्साह फार वाढला व तो कमी करण्याकरितां एखाद्या कंटाळवाण्या माणसाची गरज पडूं लागली, असें त्यांनीं गमतीनें कळविलें! म्हातारपणीं त्यांनीं असाही हिशेब मांडला कीं, जगण्यास लागणाऱ्या अन्नाहून आपण आयुष्यांत ४४ गाड्या अन्नपाणी अधिक रिचविलें. त्या जादा अन्नानें किती भुकेल्यांचें पोट भरलें असतें, हा विचार त्यांच्या मनाला बोंचला. थट्टेच्या पोटांत असा पश्चात्ताप होता.

१८२९ सालीं त्यांच्यावर दुःखाचा डोंगर कोसळला. त्यांचा थोरला मुलगा डग्लस चोविसाव्या वर्षीं वारला. हें दुःख ते शेवटपर्यंत विसरले नाहींत. त्याच सालीं ते सॉमरसेट परगण्यांतील कोम फ्लोरी या गांवीं राहावयास गेले. तेथेंही त्यांनीं हंसणें सोडलें नाहीं. घराच्या आवारांत हरणें असतीं तर शोभा आली असती, असें एक बाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशीं पाहतात तों दोन गाढवांच्या डोक्यांवर शिंगें बांधून त्यांना हिरवळीवर उभें केलेलें! ज्याला दुःख झालेंच नाहीं त्याचें हंसणें सोपें; पण मुलाला मूठमाती देऊन जो दुसऱ्यांना हंसवितो, त्याच्या हंसण्याखालीं श्रद्धेचा पाया असलाच पाहिजे.

१८३१ सालीं ते लंडनच्या सेंट पॉल देवळाचे कॅनन झाले. तेथें असतांना १८४३ सालीं त्यांचे सहकारी टेट वारले. त्यांच्याकडे असलेलें एडमंटन येथील भरपूर उत्पन्नाचें पाळकपद स्मिथसाहेबांना स्वतःकडे घेतां येत होतें. तिकडे टेट यांचें कुटुंब उघड्यावर पडण्याची वेळ आली होती. स्मिथसाहेब त्यांच्या घरीं गेले व ती जागा आपण एका माणसाला दिली असल्याचें गंभीरपणें सांगूं लागले. सर्वांच्या माना खालीं गेल्या. मग म्हणाले कीं योगायोग असा, त्या माणसाचें आडनांव टेट आहे व नांवही या घरच्या मुलाचेंच आहे. मुलाला जागा मिळाली हें कळतांच आई व बहिणी रडूं लागल्या, आणि सर्व इंग्लंडला हंसविणारे हे म्हातारे पाळकही त्यांच्याबरोबर रडले.

२२ फेब्रुवारी १८४५ रोजीं लंडन येथें ते ख्रिस्तवासी झाले. त्यांचे कित्येक विनोद काळाबरोबर मागें पडले. पण नावडतें काम मन लावून करणें, गरिबांच्या ताटांतलें अन्न आपण खाणें, शरीराची निगा ही देवानें सोंपविलेली जबाबदारी समजणें, आणि दुःखांतही शेजाऱ्याला हंसतें करणें, हे धडे जुने होण्यासारखे नाहींत. विद्यार्थिमित्रहो, उद्यां शाळेंत येतांना चेहऱ्यावर आंठी आणण्यापूर्वीं आदल्या रात्रींच्या जेवणाची आठवण करावी, आणि कोणास हंसण्यापूर्वीं जोडे शिवणाऱ्या कॅरीसाहेबांची आठवण करावी.