न खपलेला नांगर

कुंभार पिंपळगावच्या शिवारात किर्लोस्कर म्हटलं की विहिरीवरचं इंजिन नाहीतर पंप आठवतो. पण मैत्रिणींनो, हे नाव ज्यांनी मोठं केलं त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर सुरुवातीला कुणी फुकटसुद्धा दारात ठेवून घेईना, अशी गत होती.

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचं म्हणून मुंबईला जे. जे. मध्ये गेले, तर डोळ्यांना काही रंग नीट ओळखू येत नाहीत असं निघालं. मग यंत्रांची चित्रं काढायला शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. हक्काची बढती दुसऱ्याला मिळाली, तशी नोकरी सोडून बेळगावला आले. तिथे थोरले भाऊ रामूअण्णा यांच्यासोबत सायकलींचं दुकान चालवलं. सायकल ही तेव्हा हौशी, पैसेवाल्या लोकांची वस्तू. घर त्यावर चालत होतं.

लक्ष्मणरावांचं मन मात्र शेतकऱ्याच्या अवजारांत. आधी कडबा कापायचं यंत्र केलं, मग 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर. लाकडी नांगर वरवर जमीन खरवडायचा, हा खोल जायचा, हरळी मुळासकट उपटायचा. वस्तू चांगली, हेतू चांगला. आणि गिऱ्हाईक? लोखंडाने जमिनीला विष चढतं, अशी लोकांची समजूत! पहिले नांगर विकायला दोन वर्षं घालवावी लागली. म्हणजे घरात पैसा आणणाऱ्या सायकलींची शेतकऱ्याला गरज नव्हती, आणि ज्याची गरज होती तो नांगर पैसा अडकवून बसला होता.

बचत गटाचा मसाला करणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको. ओळखीच्या बाईकडून जास्तीचे दोन रुपये कसे घ्यायचे, या संकोचात वर्षाअखेर मिरचीचेही पैसे सुटत नाहीत. लक्ष्मणरावांनी नांगर वाटून टाकला नाही. शेतकऱ्याच्या कल्याणासाठी केलेली वस्तू त्यांनी शेतकऱ्यालाच विकली, तीही दमाने. मला वाटतं, त्यांच्या चांगुलपणापेक्षा हा चिवटपणाच जास्त कामी आला.

जरा बस्तान बसतंय तोच बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा खाली करायला सांगितली. त्या वेळी ते औंधच्या राजेसाहेबांचं बांधकाम करत होते. राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळ बत्तीस एकर माळ दिला, वर दहा हजार रुपये बिनव्याजी. ही मदत नसती तर पुढचं सगळं अवघडच होतं, हेही सांगायला हवं. 1910 मध्ये त्या निवडुंगाच्या, सापांच्या माळावर कामगार बायकामुलांसह राहायला गेले. 

हीच किर्लोस्करवाडी. कारखान्याच्या कमाईतून इथे घरं झाली, शाळा झाली. अस्पृश्यतेला वाडीत थारा नव्हता. रात्रीच्या पहाऱ्याला लक्ष्मणरावांनी शिक्षा भोगलेली माणसं ठेवली, हे ऐकून तर आजही भुवया उंचावतील! पहिल्या महायुद्धात परदेशी नांगर येईनासे झाले आणि वाडीच्या नांगरांना मागणी वाढली. पण लोखंड आणि कोळशाची टंचाई सोसतच माल काढावा लागला. पुढे शेंगा फोडायची यंत्रं आली, उसाचे चरक आले, 1926 पासून पंप आले.

आता आपल्या जिव्हाळ्याचं. 1920 मध्ये वाडीतून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागलं. निमित्त धंद्याचं: गिऱ्हाइकांना कारखान्याची, यंत्रांची माहिती कळावी. संपादक लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव. पण त्यात हळूहळू गोष्टी, विचार, समाजसुधारणा शिरली, आणि 1930 मध्ये त्याच छापखान्यातून खास बायकांसाठी ‘स्त्री’ मासिक सुरू झालं. नांगराच्या जाहिरातीसाठी घातलेल्या छपाईतून बायकांच्या शिक्षणाचे, लग्नाचे, विधवांचे प्रश्न घराघरांत पोचले. नांगर विकलाच गेला नसता तर हा छापखाना कुठून आला असता?

लक्ष्मणराव 26 सप्टेंबर 1956 रोजी गेले. त्यांच्या जन्मशताब्दीला, 1969 मध्ये, टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं. कुंडल रोड स्टेशनचं नाव आता किर्लोस्करवाडी आहे. मिरजेहून पुण्याकडे रेल्वेने जाताना ते लागतं.