माळ्यावरचा इतिहास

इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांचे नाव निघाले की शिवकाल आणि पानिपत आठवते. परंतु त्यांची खरी कर्मभूमी होती लहानसहान गावांतील जुन्या घरांचे माळे. 1863 साली जन्मलेल्या राजवाड्यांनी डेक्कन कॉलेजात शिक्षण घेतले, काही काळ शिक्षकी केली. पत्नी अकाली गेली. त्यांनी पुन्हा संसार मांडला नाही. मग उरलेले आयुष्य दप्तरांच्या शोधात गेले.

वाईला हाती लागलेल्या पत्रांतून 1898 मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड सिद्ध झाला. त्यात 1750 ते 1761 या काळातील पत्रव्यवहार आहे. ग्रँट डफच्या इतिहासातील उणिवा दाखविणारे पुरावे कोणाच्या तरी घरात पडून आहेत, हे त्या खंडाने वाचकांना प्रथमच इतक्या ठळकपणे दाखविले. पुढे या मालेचे बावीस खंड निघाले.

हे काम बसल्या जागेचे नव्हते. देशमुख, कुळकर्णी, उपाध्ये यांच्या घरी रुमालात बांधलेले मोडी कागद असत: सनदा, महजर, वतनाच्या तंट्यांचे निवाडे, जमाखर्च. वाळवी, पावसाची ओल आणि मालकाची उदासीनता हे त्यांचे तीन शत्रू. त्यात संशयाची भर. इनाम कमिशनच्या चौकशीत कित्येकांची इनामे खालसा झाली होती. त्यामुळे सनदा पाहू मागणारा परका माणूस दारात दिसला की घरधन्याने कुलूप काढायला का कू करावे, यात नवल नाही. राजवाडे मात्र पुनःपुन्हा जात. गावकऱ्यांच्या तंट्यांचे कागदही त्यांना राजांच्या पत्रांइतकेच मोलाचे वाटत. गावांची नावे, माणसांची आडनावे यांतूनही ते वसाहतीचा माग काढू पाहत.

1924 मध्ये त्यांनी 'महिकावतीची बखर' प्रसिद्ध केली. महिकावती म्हणजे केळवे-माहीम. उत्तर कोकणात कोणती कुळे आली, त्यांना कोणती गावे मिळाली, वाद कसे झाले याची ही हकीकत त्यांनी विस्तृत प्रस्तावनेसह वाचकांपुढे ठेवली. तिचा काळ आणि विश्वसनीयता यांवर अभ्यासकांत मतभेद आहेत. राजवाड्यांची कित्येक अनुमाने धाडसी होती आणि काही तर टिकलीही नाहीत. जातिविषयक अभिमानही त्यांच्या लेखनात डोकावतो. पण कागद मात्र टिकले, आणि त्यांचीच अनुमाने खोडायला आज तेच कामी येतात.

स्वभाव तापट. 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापण्यात त्यांचा पुढाकार होता, तरी सहकाऱ्यांशी बिनसल्यावर ते ती संस्था सोडून गेले. इंग्रजी उत्तम येत असूनही लेखन त्यांनी मराठीतच केले. अखेरची वर्षे धुळ्यात गेली. 31 डिसेंबर 1926 रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या मागे धुळेकरांनी राजवाडे संशोधन मंडळ उभारून त्यांचा संग्रह सांभाळला.