श्रीसंत बहिणाबाई आणि पूर्वजन्मांचे स्मरण

पूर्वजन्मीची आठवण सांगणारी बालके आपल्या देशात अधूनमधून आढळतात, आणि तशी वार्ता कानी आली की लोक कौतुकाने धाव घेतात. त्या बालकाने कोणते घर ओळखले, कोणते नाव सांगितले, याची चर्चा पुष्कळ होते. परंतु त्या स्मरणाने त्याचा जीव ईश्वराकडे किती वळला, हे सहसा कोणी विचारीत नाही. श्रीतुकोबारायांच्या शिष्या संत बहिणाबाई यांचे चरित्र या प्रश्नाचे उत्तर देणारे आहे.

वेरुळाच्या परिसरातील देवगाव येथे शके १५५०, म्हणजे इ. स. १६२८ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. पिता आऊजी कुलकर्णी व माता जानकी. वयाच्या तिसऱ्या वर्षी त्यांचा विवाह तीस वर्षांच्या एका बिजवराशी झाला. बरोबरीच्या मुली खेळात रमत, तेव्हा या बालिकेच्या मुखी भगवंताचे नाम असे. जुन्या जन्मीची अपुरी राहिलेली साधना जीवाला पुन्हा त्याच मार्गाकडे ओढून नेते, असे भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात योगभ्रष्टाविषयी सांगितले आहे. बहिणाबाईंच्या बालपणी त्याच ओढीची खूण दिसते.

त्या नऊ वर्षांच्या असताना भाऊबंदकी व कर्ज यांमुळे कुटुंबास घर सोडावे लागले. पंढरपूर, शिखर शिंगणापूर व रहिमतपूर अशी भ्रमंती करीत मंडळी कोल्हापुरास आली. तेथे ज्यांच्या घरी आश्रय मिळाला, त्या हिरंभटांनी त्यांना सवत्स गाय दान दिली. त्या वासराचा बहिणाबाईंवर विलक्षण लोभ जडला. त्या जातील तेथे ते जाई. जयरामस्वामी वडगावकरांच्या कीर्तनासही ते त्यांच्या मागून आले. गर्दीत अडचण होते म्हणून लोकांनी त्याला बाहेर काढले, तेव्हा स्वामींनी त्याला आत बोलाविले आणि मुलीच्या व वासराच्या मस्तकावर सारखाच हात ठेवला. या स्नेहाचे मूळ मागील जन्मीच्या सत्संगात आहे, असा त्यांचा भाव होता.

बोभाटा होताच वैदिक वृत्तीच्या पतीचा संताप अनावर झाला व त्यांनी त्या अजाण मुलीस मारहाण केली. गाय व वासरू यांनी चारापाणी सोडले आणि थोड्याच दिवसांत वासराने प्राण सोडला. बहिणाबाई कित्येक दिवस निश्चेष्ट पडून होत्या. त्याच अवस्थेत, ज्यांना त्यांनी डोळ्यांनी कधी पाहिले नव्हते, त्या तुकोबारायांनी दर्शन देऊन मंत्रोपदेश केला.

ब्राह्मणाच्या स्त्रीने शूद्र मानल्या गेलेल्या संतास गुरू करावे, ही गोष्ट पतीस असह्य झाली. घर सोडून जाण्याचा त्यांचा विचार ठरला. परंतु भयंकर आजाराने ते अंथरुणास खिळले आणि पत्नीच्या शुश्रूषेने त्यांचे मन पालटले. पुढे ती दोघे देहूस आली व तुकोबांच्या चरणी लीन झाली. तेथे मंबाजी गोसाव्याचा छळ सोसावा लागला. परंतु बहिणाबाईंनी संसार टाकला नाही व भक्तीही सोडली नाही. कन्या काशी व पुत्र विठोबा यांचे संगोपन करीत त्यांनी अभंगरचना केली, पातिव्रत्य व परमार्थ यांचा मेळ घातला, आणि ब्राह्मण्य जन्मावर नसून ब्रह्मज्ञानावर असते, हा वज्रसूचीतील विचार मराठीत आणला. आत्मनिवेदन या नावाने त्यांनी आपली जीवनकथा अभंगांत सांगितली, हे मराठी वाङ्मयाचे भाग्यच होय. जस्टिन अॅबट यांनी तिचे इंग्रजी भाषांतर इ. स. १९२९ मध्ये प्रसिद्ध केले.

आता पूर्वजन्मांची गोष्ट. आयुष्यभर छळ, उपहास व दारिद्र्य सोसताना आपण मागील जन्मी कोण होतो हे सांगून मान मिळविण्याचा मोह बहिणाबाईंना झाला नाही. देहावसान जवळ आले असता त्यांनी बाहेरगावी गेलेल्या पुत्रास बोलावून घेतले आणि आपल्या मागील बारा जन्मांची हकीकत त्याला सांगितली. हा तेरावा व अखेरचा जन्म. मायलेकरांचा संबंधही केवळ याच जन्मीचा नव्हे, असे त्यांनी त्यास समजाविले. संस्कारांचा साक्षात्कार झाला असता पूर्वजन्मांचे ज्ञान होते, असे पतंजलींचे योगसूत्र आहे. परंतु असे ज्ञान हे गंतव्य नव्हे, अशीच त्या शास्त्राची दृष्टी आहे. बहिणाबाईंनी हे स्मरण मातृवियोगाने व्याकूळ होऊ पाहणाऱ्या पुत्राच्या सांत्वनासाठी वेचले. शके १६२२, म्हणजे इ. स. १७०० मध्ये, आश्विन शुद्ध प्रतिपदेस त्यांनी देह ठेवला. वैजापूरजवळील शिऊर येथे त्यांची समाधी आहे.

तेरा जन्मांची ही कथा अक्षरशः घ्यावी की भावार्थाने, हे ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे ठरवावे. मागील जन्म आठवल्याने कोणी थोर होत नाही. ज्याचा अहंकार त्या आठवणीने वाढतो, त्याला ती नवे बंधन होते. ज्याचा देहाभिमान तिने गळतो, त्याला ती मुक्तीची वाट दाखविते. आपणां भाविकांस मागील जन्म आठवत नसतील. परंतु या जन्मी गुरुमुखातून मिळालेले नाम आठवत राहिले, तर बहिणाबाईंच्या मार्गावर आपलेही एक पाऊल पडले, असे खुशाल समजावे.