दाखवायला मार्कशीट नव्हती, तरी आनंदीबाई जोशींना अमेरिकेत मेडिकलला अ‍ॅडमिशन कशी मिळाली?

बारावीचा निकाल लागतो. बेलापूर, श्रीरामपूर, राहुरी या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत मोबाईलवर मार्क उघडले जातात आणि घर एकदम गप्प होतं. पोरीला नर्सिंगला जायचं असतं. बीएस्सी नर्सिंग म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीचे मार्क आले, वर सीईटी आली. त्यात एक-दोन विषयांनी दगा दिला की पोरीला वाटतं, संपलं सगळं. आता फॉर्म भरायचा तरी कशाला?

आपण कागदावर कमी पडतोय हे पक्कं माहीत असताना अर्ज करायची वेळ १४० वर्षांपूर्वी एका मराठी मुलीवर आली होती. तिचा अर्ज नर्सिंगचा नव्हता, डॉक्टरकीचा होता. कॉलेज होतं थेट अमेरिकेत आणि तिचं वय होतं १८ वर्षं.

तिचं नाव आनंदीबाई जोशी.

आनंदीबाईंचा नऊवारीतला फोटो सगळ्यांनी बघितलेला असतो. पहिली महिला डॉक्टर, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण पुरेसं शिक्षण नसताना त्यांना अ‍ॅडमिशन मिळाली कशी, हा भाग फारसा सांगितला जात नाही.

तर गोष्ट सुरू होते कल्याणच्या जोशी घराण्यापासून. ३१ मार्च १८६५ ला या घरात एक मुलगी जन्मली. माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी तिचं लग्न झालं. नवरा गोपाळराव जोशी, पोस्टात कारकून, बिजवर आणि वयानं सुमारे वीस वर्षांनी मोठे. लग्नानंतर यमुनेची आनंदी झाली.

गोपाळराव त्या काळाच्या मानानं अजब माणूस. बायकोनं शिकलंच पाहिजे हा त्यांचा हट्ट होता. पण हट्टाची रीत मात्र कडक होती. अभ्यास झाला नाही की आनंदीला मार बसायचा. अंगावर वस्तू फेकल्या जायच्या, सोडून जाण्याची धमकी मिळायची. हे पुढं आनंदीबाईंनीच नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात स्पष्ट सांगितलंय. त्यामुळं ही नुसती प्रेमळ नवऱ्यानं बायकोला शिकवल्याची गोड गोष्ट नाही.

नवऱ्याची नोकरी बदलीची. अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता, मग श्रीरामपूर. हे श्रीरामपूर म्हणजे नगर जिल्ह्यातलं नव्हे, बंगालमधलं, कलकत्त्याजवळचं. अशा फिरतीत सलग शाळा कुठून होणार? मधे काही काळ मिशनऱ्यांच्या शाळेत गेल्या. एरवी जे काही शिक्षण झालं ते घरात. मराठी, इंग्रजी, थोडं संस्कृत. रस्त्यानं पुस्तकं घेऊन चाललेली बाई बघून लोक हसायचे, टोमणे मारायचे.

दहा दिवसांचं बाळ

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो दहा दिवस जगला.

योग्य औषधोपचार मिळाले असते तर कदाचित वाचला असता. पण बाळंतपणात बाईला पुरुष डॉक्टरला दाखवायचं नाही ही तेव्हाची रीत आणि बाई डॉक्टर तर नव्हतीच. डॉक्टर व्हायचं हे आनंदीबाईंच्या मनात याच काळात घट्ट झालं.

गोपाळरावांनी रॉयल वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं. बायकोला अमेरिकेत शिकवायचंय, काही सोय होईल का, असा मजकूर. वाइल्डरनं ते आपल्या मासिकात छापलं, पण मदत करायची तर ख्रिस्ती व्हा, असा त्याचा सूर होता. जोशी पती-पत्नींना ते मान्य नव्हतं. विषय तिथंच संपायचा.

पण न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई एके दिवशी दात दाखवायला डेंटिस्टकडं गेल्या. नंबर यायची वाट बघताना तिथलं जुनं मासिक चाळलं आणि त्यात हे पत्र त्यांच्या नजरेस पडलं. त्यांनी भारतात पत्र धाडलं. पुढं दोघींची अशी गट्टी जमली की आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

इथंच का नाही शिकत?

लोकांचा पहिला प्रश्न हाच होता. तो चुकीचा नव्हता. मद्रासच्या मेडिकल कॉलेजात १८७५ पासून बायकांना प्रवेश मिळत होता. सुईणकामाचे वर्गही ठिकठिकाणी निघाले होते.

फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालमधल्या त्या श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाईंनी भाषण करून या प्रश्नाचं जाहीर उत्तर दिलं. इथले वर्ग अपुरे आहेत, शिकवणारे पुरुष आहेत आणि बाईनं शिकणं त्यांना रुचत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हेही त्यांनी सांगून टाकलं. भाषण पेपरात छापून आलं आणि मदतीचा ओघ सुरू झाला.

७ एप्रिल १८८३ ला त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या. नवऱ्याशिवाय, मिशनरी बायकांच्या सोबतीनं. जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. धक्क्यावर कार्पेंटर मावशी उभ्या होत्या.

अर्जात लपवलं काहीच नाही

आता खरी परीक्षा. फिलाडेल्फियाचं विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया १८५० साली सुरू झालेलं, बायकांना डॉक्टरी शिकवणाऱ्या जगातल्या सुरुवातीच्या कॉलेजांपैकी एक. तिथं प्रवेशाला आधीच्या शिक्षणाची अट होती. आनंदीबाईंकडं तेवढं रीतसर शिक्षणच नव्हतं.

अशा वेळी माणूस दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर अर्जच करत नाही, नाहीतर आपली बाजू फुगवून सांगतो.

आनंदीबाईंनी २८ जून १८८३ ला कॉलेजला जे पत्र लिहिलं त्यात तिसरीच गोष्ट होती. प्रवेशाला लागणारी सगळी तयारी आपल्याकडं नाही, हे त्यांनी सरळ कबूल केलं. मग आपल्याकडं काय आहे ते सांगितलं. वय अठरा. इंग्रजी येतं. स्वतःच्या जातीचा आणि आप्तेष्टांचा विरोध पत्करून इथवर आलेय. आपल्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी हे शिकायचंय. एवढ्या निर्धारानं आलेल्या मुलीची बाकीची उणीव भरून निघेल, तेव्हा अर्जाचा विचार व्हावा, अशी विनंती केली.

कॉलेजच्या डीन होत्या रेचल बॉडली. कॉलेजनं आनंदीबाईंना प्रवेश दिला आणि वर शिष्यवृत्तीही दिली.

पत्र गोड होतं म्हणून हे झालं का? तसं नाही. कॉलेजला अट कशासाठी हवी होती? मुलगी अभ्यास झेपवेल का, टिकेल का, हे कळावं म्हणून. आनंदीबाईंनी त्याच प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या पुराव्यानं दिलं. समुद्र ओलांडणं पाप मानलं जायचं त्या काळात ही मुलगी एवढा पल्ला गाठून आली होती. टिकेल का, ही शंका घ्यायला जागा उरली नव्हती.

अ‍ॅडमिशन मिळाली, पुढं?

पुढची तीन वर्षं सोपी गेली नाहीत. फिलाडेल्फियाची थंडी, शाकाहारी जेवणाची पंचाईत, धुरानं भरणारी खोली. नऊवारी त्या थंडीला पुरेना म्हणून त्या गुजराती पद्धतीनं साडी नेसू लागल्या. तब्येत सतत बिघडायची. मागं राहिलेलं शिक्षण भरून काढायचं आणि नवंही शिकायचं, असा दुहेरी अभ्यास होता.

११ मार्च १८८६ ला त्यांना एमडीची पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय होता प्राचीन हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. समारंभाला गोपाळराव होते आणि इंग्लंडहून पंडिता रमाबाईही मुद्दाम आल्या होत्या. राणी व्हिक्टोरियाकडूनही अभिनंदन आलं.

कोल्हापूर संस्थाननं अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागाची जबाबदारी देऊ केली. त्या परत आल्या त्या क्षय घेऊनच. उपचार झाले, पण उपयोग झाला नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्यांचं निधन झालं. बाविसावं वर्ष पुरं व्हायला महिनाभर बाकी होता. कोल्हापूरच्या त्या वॉर्डात त्यांना एकही पेशंट तपासता आला नाही.

त्यांच्या अस्थी कार्पेंटर मावशींकडं पाठवल्या गेल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सीला, मावशींच्या कुटुंबाच्या दफनभूमीत त्या आजही आहेत.

त्याच साली कलकत्त्यात

१८८६ मध्येच कलकत्ता मेडिकल कॉलेजात कादंबिनी गांगुली शिकत होत्या. एका विषयात नापास झाल्यामुळं त्यांची एमबीची पदवी हुकली. त्यांना खालची पात्रता मिळाली, पण तिच्या जोरावर त्यांनी प्रॅक्टिस सुरू केली. पुढं मुलाबाळांच्या आई असताना त्या ब्रिटनला गेल्या आणि १८९३ मध्ये स्कॉटलंडची डॉक्टरी पात्रता मिळवून परतल्या. त्यानंतर कितीतरी वर्षं त्यांनी पेशंट तपासले.

एकीकडं अर्जातच तयारी कमी होती, दुसरीकडं शेवटच्या परीक्षेत मार्क कमी पडले. दोघींनीही उणीव नाकारली नाही आणि तिथं थांबल्याही नाहीत.

आज बेलापूरच्या मुलीला बोटीत बसायचं नाहीये. सीईटीचं मेरिट नुसत्या पत्रावर बदलत नाही, हेही खरं. पण बीएस्सी नर्सिंग हुकलं तर जीएनएम आहे, एएनएम आहे. जीएनएम करून नंतर पोस्ट बेसिक बीएस्सीला जाता येतं. पुढच्या वर्षीची सीईटीही आहेच. निकालाच्या दिवशी घरात बसून एक कागद घ्यायचा. एका बाजूला काय कमी पडलं ते लिहायचं, दुसऱ्या बाजूला आपल्याकडं काय आहे ते. आनंदीबाईंच्या पत्रात या दोन्ही बाजू होत्या.